मरणाचा हिशोब मांडणारा मास्तर

गणिताच्या मास्तरांबद्दल आपल्या सगळ्यांचीच मतं पक्की असतात. एम-थ्रीमध्ये के.टी. लागलेल्यांची तर जरा जास्तच! पण आज ज्या मास्तराची ओळख करून द्यायची आहे तो थोडा वेगळा होता. आठवडाभर हायस्कूलच्या फळ्यावर गणित शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की पाठीवर हवेच्या टाक्या बांधून जमिनीखालच्या, पाण्यानं भरलेल्या, काळ्याकुट्ट बोगद्यांत शिरायचा. त्याचं नाव शेक एक्सली. गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांच्या जगात हे नाव आजही असं घेतलं जातं, जसं आपण क्रिकेटमध्ये ब्रॅडमनचं घेतो. पण त्याचे विक्रम हा या लेखाचा मुख्य मुद्दा नाही. त्यानं केलेलं सर्वांत मोठं काम कागदावरचं होतं, आणि त्या कामामुळे किती लोक जिवंत राहिले हे मोजायला कुठलंच मीटर नाही.

शेकचा जन्म १ एप्रिल १९४९ चा, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल इथे झालेला. तारीख एप्रिल फूलची असली तरी गडी एकदम सीरियस! १९६५ साली, सोळाव्या वर्षी, तो डायव्हिंग शिकला आणि त्याच वर्षी पहिल्यांदा पाण्याखालच्या गुहेत शिरला. त्यानंतर त्याला समुद्र, प्रवाळ, रंगीत मासे वगैरे कशातच फार रस उरला नाही. वयाच्या २३ व्या वर्षी त्याच्या नावावर गुहेतल्या १००० डाइव्ह्ज नोंदल्या गेल्या होत्या. तोपर्यंत जगात कुणीच हा आकडा गाठलेला नव्हता. २९ वर्षांच्या कारकिर्दीत हा आकडा ४००० च्या पुढे गेला. पोटापाण्यासाठी मात्र तो लाइव्ह ओक या छोट्या गावातल्या सुवानी हायस्कूलमध्ये गणित शिकवत राहिला. गाव निवडण्यामागेही गणित होतं, कारण जगातल्या उत्तम पाणगुहा त्याच भागात आहेत.

आता थोडं भूगोलाकडे वळू. उत्तर फ्लोरिडाची जमीन चुनखडीची आहे. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. ते लाखो वर्षं झिरपत राहिलं आणि खडक विरघळून आत स्पंजासारखी पोकळ्यांची जाळी तयार झाली. सुवानी नदीच्या परिसरात ठिकठिकाणी या जाळ्यातून झरे वर येतात. पाणी काचेसारखं नितळ आणि बारा महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात पोहायला यापेक्षा झकास जागा कुठली? झऱ्याच्या तळाशी मोठं तोंड दिसतं, आत निळसर उजेड असतो, पाण्यात गढूळपणाचं नाव नाही. साहजिकच पोहणाऱ्याला वाटतं, जरा आत डोकावून येऊ. खरा सापळा हाच आहे.

आपल्यापैकी काही जणांनी मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केलं असेल. तिथे काही बिनसलं तर उपाय सरळ असतो, शांतपणे वर यायचं. डोक्यावर पाणी आणि पाण्यावर आभाळ. गुहेत डोक्यावर दगड असतो. वर जाण्याचा रस्ताच नाही, म्हणजे जितकं आत गेलात तितकंच आडवं परत यायचं. दुसरी गोष्ट अंधार. पहिलं वळण घेतलं की दिवसाचा उजेड संपतो. तिसरी गोष्ट गाळ. तळाशी पिठासारखी बारीक माती साचलेली असते. पायातल्या फिन्सचा एक चुकीचा फटका बसला की ती उसळते आणि काही सेकंदांत तो नितळ बोगदा दुधासारखा, कधी कधी चहासारखा होतो. हातातला टॉर्चसुद्धा दिसत नाही. अशा वेळी बाहेरची वाट डावीकडे की उजवीकडे हे मेंदू सांगू शकत नाही, आणि टाकीतली हवा तर मिनिटागणिक कमी होत असते.

१९६० आणि १९७० च्या दशकांत स्कूबाची साधनं स्वस्त झाली आणि फ्लोरिडाच्या झऱ्यांत अपघातांची रांग लागली. मृत्यू इतके वाढले की झरे बंदच करून टाका अशी मागणी सुरू झाली. आत अडकलेले मृतदेह बाहेर काढायला पोलिसांकडे माणसं नसायची, मग गुहा माहीत असलेल्या मोजक्या डायव्हर्सना बोलावणं यायचं. शेक त्यांच्यातला एक. विशीतला हा पोरगा आपल्याच वयाच्या मुलांची प्रेतं ओढून बाहेर आणत होता.

इथे त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर एकतर त्यानं छंद सोडला असता, नाहीतर मेलेल्यांना मूर्ख म्हणून मोकळा झाला असता. शेकनं दोन्ही केलं नाही. त्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली होती. मरणारे सगळे काही नवशिके नव्हते. त्यात दणकट पोहणारे होते, अनुभवी डायव्हर होते, इतकंच काय, समुद्रातलं डायव्हिंग शिकवणारे प्रशिक्षकही होते! म्हणजे दम किंवा हिंमत कमी पडत नव्हती. कमी पडत होतं ते वेगळंच काहीतरी. ते काय, हे शोधायला त्यानं मास्तरी पद्धत वापरली. एकेक अपघात घ्यायचा आणि पेपर तपासावा तसा तपासायचा. माणूस कुठे सापडला? बाहेरपर्यंत दोरी होती का? टाकीत हवा किती उरली होती? टॉर्च किती होते? खोली किती? प्रशिक्षण कुठलं? आणि सर्वांत महत्त्वाचं, गोष्टी कुठल्या क्रमानं बिघडत गेल्या?

आपल्याकडे मशीनचा शाफ्ट तुटला की ऑपरेटरला शिव्या घालून भागत नाही. तुटलेला पृष्ठभाग बघावा लागतो, चीर कुठे सुरू झाली ते शोधावं लागतं. फेल्युअर अॅनालिसिस म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की शेकच्या टेबलावरचे नमुने माणसं होती.

या अभ्यासातून १९७९ साली त्याची एक पुस्तिका आली, बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल. छोटीशीच, पण तिनं गुहेतल्या डायव्हिंगची दिशा बदलली. तिच्यातल्या शिफारशी दहा, पण जवळजवळ प्रत्येक मृत्यूच्या मुळाशी त्याला तीनच चुका पुन्हा पुन्हा दिसल्या.

पहिली, दोरी नसणं. मोकळ्या पाण्यापासून थेट आपल्या हातापर्यंत अखंड दोरी पाहिजे. गाळ उसळला, सगळे टॉर्च गेले, तरी दोरी हाताला लागते आणि बाहेर नेते. दुसरी, परतीसाठी हवा न उरणं. यावरचा उपाय म्हणजे एक तृतीयांशाचा नियम. एक भाग हवा आत जायला, एक भाग बाहेर यायला आणि एक भाग अडचणीसाठी राखीव. तिसरी, झेपणार नाही इतकं खोल जाणं. साध्या हवेवर डायव्हिंग करताना तीसेक मीटरच्या पुढे नायट्रोजनची नशा चढायला लागते, आणि नशेत घेतलेले निर्णय कसे असतात हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तृतीयांशाच्या नियमाचं न्यूमरिकल करून बघू. १२ लिटरची टाकी २०० बार दाबाला भरली, तर ढोबळमानानं २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर आपण मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरा. दर १० मीटरला दाब १ बारनं वाढतो, म्हणजे ३० मीटर खोलीवर तो ४ बार, आणि हवेचा खर्चही चौपट, मिनिटाला ८० लिटर. अख्खी टाकी फक्त ३० मिनिटांत खलास! तृतीयांशाचा नियम लावला तर दहाव्या मिनिटाला मागे वळायचं. समोर कितीही सुंदर दालन दिसत असलं तरी.

आता खरी गंमत. दोघं मित्र आत गेले, दोघांनी बरोबर एकेक तृतीयांश वापरला, आणि नेमकं सर्वांत आतल्या टोकाला एकाची सगळी हवा गेली. दुसऱ्याकडे दोन तृतीयांश शिल्लक. बाहेर यायला प्रत्येकी एक तृतीयांश लागणार. हिशोब बरोबर जुळतो, पण बाकी शून्य! घाबरलेला माणूस तर दुप्पट वेगानं श्वास घेतो. म्हणजे आपल्याला फार सावध वाटणारा हा नियम प्रत्यक्षात किमान मर्यादा आहे. झऱ्याचा प्रवाह बाहेर ढकलत असेल तर तो परतताना मदत करतो. पण पाणी आत ओढणारी गुहा असेल तर परतायला जास्त हवा लागणार, म्हणून तिथे तृतीयांशाच्याही आधी वळावं लागतं. सूत्र पाठ करून उपयोग नाही, त्यामागचं गृहीतक समजलं पाहिजे, हे आपले सर व्हायवाला सांगतात ते यासाठीच.

आणि एकाची हवा गेली तर दुसऱ्यानं ती द्यायची कशी? बोगदा अरुंद असेल तर शेजारी शेजारी पोहता येत नाही. म्हणून जास्तीचा रेग्युलेटर लांब नळीवर बसवायची पद्धत आली. नळी सुमारे दोन मीटरची, म्हणजे एकामागे एक राहून दोघं एकाच माणसाच्या टाक्यांवर बाहेर येऊ शकतात. ही पद्धत रुजवण्यातही शेकचा वाटा मोठा. पुढे १९८० च्या दशकात अपघातांचा आणखी अभ्यास झाला आणि या तीन नियमांना दोन जोडले गेले. योग्य प्रशिक्षण घेतल्याशिवाय आत जायचं नाही, आणि प्रत्येकाकडे किमान तीन टॉर्च हवेत. हे पाच नियम आजही जगभर शिकवले जातात.

नियम छापून माणसं सुधारत नाहीत हे शेकला शाळेमुळे पक्कं ठाऊक होतं. १९७३ साली अमेरिकेच्या नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटीनं गुहा-डायव्हिंगचा स्वतंत्र विभाग काढला, त्याचा पहिला अध्यक्ष शेक होता. या विभागानं आणि अशाच इतर संस्थांनी पायऱ्या-पायऱ्यांचं प्रशिक्षण उभं केलं. त्यातली पहिली पायरी कॅव्हर्नची. कॅव्हर्न म्हणजे गुहेच्या तोंडालगतचा असा भाग, जिथून बाहेरचा उजेड कायम दिसतो. शिकणाऱ्यानं तो उजेड नजरेआड होऊ द्यायचा नाही. अंतरही बांधलेलं असतं. सर्वसाधारणपणे पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली आणि आडवं अंतर मिळून ६० मीटर, त्यापुढे नाही.

या प्रशिक्षणाचा पहिला दिवस बघितलात तर हसू येईल. पाण्यात उतरायचंच नाही! झाडाझाडांमधून दोरी बांधायची, डोळे मिटायचे आणि अंगठा व बोटाच्या कडीत दोरी धरून चालायचं. ओढायचं नाही, सोडायचं नाही. मागच्यानं पुढच्याचा दंड धरायचा. असा स्पर्शाचा संवाद. मग हेच पाण्यात. रीळ कुठे बांधायचं, दोरी सैल राहिली तर ती कशी अंगाभोवती गुंडाळते, बेडकासारखे पाय मारून गाळ न उसळवता कसं पोहायचं, तळाला न टेकता आणि छताला न आपटता तरंगत कसं राहायचं. मग डोळे झाकून हवा वाटून घेत बाहेर यायचं. दोरी हातातून सुटली तर ती पद्धतशीरपणे परत कशी शोधायची, हेसुद्धा. पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. कारण संकटात माणूस हुशारीनं वागत नाही, सवयीनं वागतो.

ज्यांनी यातलं काहीच शिकलेलं नाही त्यांच्यासाठी कित्येक गुहांच्या तोंडाशी, पाण्याखाली, पाट्या बसवल्या गेल्या. त्यावर हातात कोयता घेतलेल्या मृत्यूचं चित्र असतं आणि प्रशिक्षण नसेल तर इथूनच मागे फिरा अशा अर्थाची सूचना.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पुढची नाही.

इतरांना मर्यादा शिकवणारा हा माणूस स्वतः मात्र खोल, आणखी खोल जात होता. नायट्रोजनच्या नशेला त्याचं शरीर विलक्षण दाद द्यायचं नाही. मेक्सिकोतल्या मान्ते नदीच्या उगमाच्या गुहेत तो १९८८ साली २३० मीटरच्या पुढे गेला आणि १९८९ साली २६० मीटरच्याही पुढे. साध्या हवेवर हे अशक्यच, म्हणून ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण. तळाशी काही मिनिटं, आणि रक्तातला वायू बाहेर पडावा म्हणून परतताना टप्प्याटप्प्यानं दहा तासांहून अधिक थांबणं. १९९३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्सगाट या पाणगुहेत त्यानं पुन्हा तितकीच खोली गाठली. तिथे त्याला एका नव्या शत्रूचा तडाखा बसला. हेलियमवर फार वेगानं फार खोल गेलं की मज्जासंस्थेवर परिणाम होतो, अंग थरथरतं, नजर बिघडते. त्या वेळी तो बचावला.

मेक्सिकोच्याच तामाउलिपास राज्यात एल साकाटोन नावाचा पाण्यानं भरलेला एक अजस्र खड्डा आहे. ६ एप्रिल १९९४ रोजी शेक आणि त्याचा सहकारी जिम बोडेन तिथे उतरले. लक्ष्य होतं १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर. दोघांच्या दोऱ्या वेगळ्या. बोडेन २८२ मीटरपर्यंत गेला, हवा ठरल्यापेक्षा कमी उरल्याचं दिसताच वळला आणि कित्येक तासांनी जिवंत वर आला. शेक आलाच नाही. तीन दिवसांनी दोऱ्या वर ओढल्या, तेव्हा त्याच्या दोरीबरोबर त्याचा देह आला. त्याच्या खोलीमापकाचा आकडा २७० मीटरच्या आसपास होता. पाच दिवसांपूर्वीच त्याला ४५ वं वर्ष लागून पूर्ण झालं होतं.

नेमकं काय झालं हे कधीच सिद्ध झालं नाही. पण मघाचंच न्यूमरिकल तिथे लावून बघा. २७० मीटरला दाब सुमारे २८ बार. शांतपणे घेतलेला श्वाससुद्धा मिनिटाला ५६० लिटर खाणार. आपली १२ लिटरची टाकी तिथे चार-सव्वाचार मिनिटं पुरेल. हात थरथरले, दोरीत काही अडकलं, दोन-तीन मिनिटं वाया गेली, की संपलं. एवढ्या खोलीवर कुणी मदतीला येऊ शकत नाही. तिथे राखीव भागाला अर्थच उरत नाही.

मग काहींनी विचारलं, जो स्वतः वाचला नाही त्याच्या नियमांना काय किंमत? प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर शेकच्याच पद्धतीनं शोधायला हवं. पाच नियम समोर ठेवायचे. प्रशिक्षण? त्याच्याइतकं कुणाचंच नव्हतं. दोरी? होती. टॉर्च? होते. हवा? हिशोब केलेला होता, पण चुकीला जागा जवळजवळ नव्हती. खोली? तो नियम त्यानं स्वतः लिहिला होता आणि समजून-उमजून ओलांडला होता. म्हणजे साकाटोननं त्याचे नियम खोटे ठरवले नाहीत. उलट त्याच्या अपघाताचा अहवाल त्याच्याच पुस्तिकेत चपखल बसला असता. मोठ्या माणसाला हार घालून ही ओळ गाळणं सोपं आहे, पण ते त्याच्या कामाशी बेइमानी होईल. आयुष्यभर त्यानं मेलेल्यांना ना दोष दिला, ना सवलत दिली.

त्याचं आत्मचरित्रपर पुस्तक १९९४ सालीच, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. आणि साकाटोनचं पुढे काय झालं? तिचा तळ शेवटी मोजला गेला तो २००७ साली, डेप्थएक्स नावाच्या रोबोटनं. नासाच्या पैशातून बनलेलं हे स्वयंचलित यंत्र सोनारनं नकाशा काढत खाली गेलं आणि पाण्याची खोली भरली सुमारे ३१९ मीटर. म्हणजे शेक तळापासून जेमतेम पन्नास मीटर वर होता. जिथे माणसानं जाणं परवडत नाही तिथे यंत्र पाठवणं ही इंजिनिअरिंगची पद्धत आहे. रोबोटिक्सवाल्यांनो, तुमच्या प्रोजेक्टला विषय सुचत नसेल तर इथे बघा.

आपण उद्या पूल बांधू, बॉयलर चालवू, सॉफ्टवेअर लिहू. फॅक्टर ऑफ सेफ्टी हा तेव्हा परीक्षेतला आकडा राहणार नाही. तो कुणीतरी कुठेतरी मेल्यावर, दुसऱ्या कुणीतरी शांतपणे बसून मांडलेला हिशोब असतो. सेफ्टीच्या सूचना बोअर वाटतात, कारण त्यातल्या प्रत्येक ओळीमागचं नाव पुसलेलं असतं.

फ्लोरिडातल्या झऱ्यांवर आजही कॅव्हर्नचे वर्ग भरतात. झाडांमध्ये दोरी ताणलेली असते आणि डोळे मिटलेली पोरं बोटांच्या कडीत ती धरून हळूहळू चालत असतात. लाइव्ह ओकच्या त्या गणिताच्या मास्तराचा वर्ग अजून सुटलेला नाही.